अल्बम ऐकायला शिकताना : मुलुंड स्लोमधून काही सूचना, काही स्पष्ट मतं

माझी भाची बारावीनंतर मुंबईला शिकायला आली आणि तिसऱ्याच आठवड्यात तिने विचारलं, "मावशी, तू ते इंग्रजी रॉक वगैरे ऐकतेस ना? कुठून सुरू करू सांग. कॉलेजात सगळे अल्बमांची नावं घेतात आणि मी नुसती मान हलवते." मी तिला पाच नावं लिहून दिली. आठ दिवसांनी म्हणाली, "ऐकले. ठीक आहेत." खोदून विचारल्यावर कळलं, की बाईसाहेबांनी प्रत्येक अल्बममधली सगळ्यात गाजलेली दोन-दोन गाणी ऐकली होती, तीही भांडी घासताना. दहा गाण्यांत पाच अल्बम उरकले होते.

चूक माझी होती. काय ऐकायचं ते मी सांगितलं, कसं ते सांगायचं राहिलं. म्हणून हे टिपण. भावगीतं, नाट्यपदं, हिंदी सिनेमातली गाणी यांवर ज्यांचा कान पोसला आहे आणि आता रॉक-पॉपच्या नावाजलेल्या अल्बमांकडे वळायचं आहे, त्यांच्यासाठी. मतं माझी आहेत. ती पटलीच पाहिजेत असं नाही, पण मी ती मऊ करून सांगणार नाही.

आधी पंचेचाळीस मिनिटं काढा

एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचं संगीत नीट बसतं. जास्त कोंबलं तर आवाज दबतो. म्हणून साठ-सत्तरच्या दशकांतले बहुतेक अल्बम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत आटपतात, आणि मध्ये ऐकणारा तबकडी उलटायला उठणार हे धरूनच गाण्यांचा क्रम लावलेला असतो. पहिल्या बाजूचं शेवटचं आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं ही मानाची ठिकाणं. पुढे सीडी आली, एकाच चकतीवर सत्तरेक मिनिटं मिळाली, आणि नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ अल्बमांना पोट सुटलं. हे माझं पहिलं स्पष्ट मत.

तेव्हा पहिला नियम: पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, त्याच क्रमाने, मध्ये न उठता. मैफलीला आपण विलंबित ख्याल टाळून थेट द्रुत बंदिशीला जात नाही. (जाणारे असतात. ते मागच्या खुर्च्यांवर बसतात आणि वड्याच्या वासाने आधी उठतात.)

मुंबईत सलग पंचेचाळीस मिनिटं मिळतात ती लोकलमध्ये. मुलुंडहून सीएसएमटीपर्यंत स्लो गाडीला पन्नासेक मिनिटं लागतात, आणि माझं बरंचसं संगीतशिक्षण लेडीज डब्यात, क्लिपा-टिकल्यांच्या आरोळ्या कानावर घेत झालेलं आहे. तरीही सांगते, पहिल्यांदा ऐकताना गाडी नको. चाकांचा आणि मोटरचा घरघराट खर्जातला असतो, आणि बास गिटारचे, म्हणजे खालच्या स्वरांच्या गिटारचे, सूरही तिथेच राहतात. गाडीत बास बुडतो, मग आपण आवाज वाढवतो, मग वरच्या पट्टीतली झांज कानात टोचते आणि आपण ठरवतो की रॉक म्हणजे गोंगाट. पहिलं ऐकणं रात्री, घरात, जेवणं आवरल्यावर. पंखा मे महिन्यात बंद करा असं मुंबईच्या माणसाला मी सांगणार नाही, एक नंबर कमी केलात तरी पुरे. दुसरं ऐकणं गाडीत. तिसरं कुठेही.

फोनमधली झाडलोट

हे पटकन उरकू. गाण्यांचा क्रम विस्कटणारं 'शफल' बंद करा. काही ॲपांत ते आपोआप चालू असतं. एक गाणं दुसऱ्यात विरघळवणारी 'क्रॉसफेड' नावाची सोय असेल तर तीही बंद, आणि दोन गाण्यांत फट न ठेवणारी 'गॅपलेस' असेल तर ती चालू. फुकटातलं ॲप असेल तर मध्ये जाहिराती येतील. पिंक फ्लॉइड या बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मधल्या शेवटच्या दोन गाण्यांच्या सांध्यावर मी एकदा गृहकर्जाची जाहिरात ऐकली आहे आणि ते अजून विसरले नाही. एक महिन्यापुरते पैसे भरा, नाहीतर ओळखीच्या कुणाकडून सीडी मागा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'डीलक्स' आवृत्ती टाळा. गाजलेल्या अल्बमांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला कंपन्या त्यात तालमीची रेकॉर्डिंगं, टाकून दिलेली गाणी, जुने कार्यक्रम असं सगळं भरतात. अभ्यासकाला ते सोनं. नवख्याला मात्र जेवण संपल्यावर पुन्हा पोळ्यांची परात आल्यासारखं होतं. अल्बम मुळात कितव्या गाण्याला संपतो ते बघून ठेवा आणि तिथे थांबा.

इअरफोन वायरचे, हजार-दीड हजारांचे चालतील. तबकडी फिरवणारं यंत्र आत्ता मुळीच घेऊ नका.

कान कुठे लावायचा

इथे जरा रेंगाळते, कारण बहुतेक मराठी माणसं इथेच अडतात आणि लाजेने सांगत नाहीत. आपल्याला लहानपणापासून दोन गोष्टी ऐकायची सवय आहे: चाल आणि शब्द. भावगीतात तर शब्द आधी. त्यामुळे इंग्रजी गाणं लागलं की आपण शब्द पकडायला धावतो, निम्मे कळत नाहीत, आणि आपलं इंग्रजी कच्चं असं वाटून आपण खजील होतो. अहो, पुष्कळ इंग्रजांनाही ते कळत नाहीत. पहिल्या ऐकण्यात शब्द सोडून द्या. गीतांचे कागद समोर घेऊन बसू नका.

त्याऐवजी एक वाद्य पकडा. मी बास पकडायला सांगते. मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' लावा: आधी नुसता ड्रम, मग बासची ती पावलं, आणि गाणारा जवळपास अर्धा मिनिट तोंड उघडत नाही. निर्माता क्विन्सी जोन्सला ही सुरुवात लांबलेली वाटत होती. जॅक्सनने ती कापू दिली नाही, आणि बरोबर केलं. त्या अर्ध्या मिनिटात तुम्हाला बास ऐकू आला, की पुढच्या सगळ्या गाण्यात तो शोधता येतो. एकदा तो सापडला की रॉकचं घर आतून दिसायला लागतं.

ताल मोजायची सवय असेल तर आणखी एक खेळ. पिंक फ्लॉइडचं 'मनी' बोटांवर मोजा. सात मात्रा. आपल्या रूपकाच्याही सात. फक्त रूपकात समेलाच खाली येते, तसं इथे काही नाही. सॅक्सोफोनचा एकल तुकडा सातांतच आहे आणि गिटारचा सुरू झाला की गाडी चारांवर येते. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका काकू लहानपणी तबला शिकल्या होत्या. त्यांच्या एका कानात इअरफोन घालून मी हे गाणं दिलं, तर विक्रोळीपर्यंत त्या मांडीवर सात मोजत होत्या आणि चार आल्यावर म्हणाल्या, "अगं, हा घसरला!" घसरलेला नाही, मुद्दाम उतरला आहे. पण घसरल्यासारखं वाटणं हेच तर ऐकणं.

तिसरी गोष्ट स्वरांची. आपल्याकडे गायकाच्या मागून पेटी सावलीसारखी येते. स्वर तोच, किंचित उशिरा. पाश्चात्त्य पद्धतीत एकाच क्षणी वेगवेगळे स्वर उभे असतात आणि त्यांच्या एकत्र असण्यातून तिसरंच काही तयार होतं. याचा सोपा धडा म्हणजे बीटल्सचं 'बिकॉज'. लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन यांनी तीन सुरांत गाऊन तेच आणखी दोनदा वर चढवलं, म्हणजे एकूण नऊ आवाज. वाद्यं थोडीच आहेत. पहिल्यांदा वरचा आवाज ऐका, मग पुन्हा लावून खालचा. मधला सापडायला मला काही वर्षं लागली. घाई नाही.

पहिले पाच, आणि त्यांच्याबद्दल खरं काय ते

पहिला 'थ्रिलर', मायकल जॅक्सन, १९८२. नऊ गाणी, बेचाळीस मिनिटं, नवख्याला याहून मोकळं दार नाही. नऊपैकी सात गाणी सिंगल म्हणून, म्हणजे सुटीही निघाली, म्हणजे जवळजवळ अख्खा अल्बमच विकला गेला. तरी तो निर्दोष नाही. तिसरं गाणं 'द गर्ल इज माइन', ज्यात जॅक्सन आणि मॅकार्टनी एका मुलीवरून लाडंलाडं भांडतात, ते मला आजही सहन होत नाही. दोन एवढे मोठे गवई आणि हा बालवाडीतला वाद. शीर्षकगीतातलं भुताटकीचं भाषणही व्हिडिओशिवाय लांबतं. पण तबकडी उलटली की 'बीट इट', 'बिली जीन', 'ह्यूमन नेचर' अशी ओळीने तीन गाणी येतात, आणि अशी तीन सलग कुणाकडे आहेत ते मला दाखवा. 'बीट इट'मधला गिटारचा एकल तुकडा एडी व्हॅन हेलनचा. 'ह्यूमन नेचर' या सगळ्यांत सर्वांत कमी ओरडतं आणि सर्वांत जास्त टिकतं. १ नोव्हेंबर १९९६ ला जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात येऊन गेला. आमच्या पिढीतल्या जेवढ्यांनी आपण तिथे होतो असं मला सांगितलं आहे, तेवढी माणसं त्या मैदानात मावलीच नसती.

दुसरा 'ॲबी रोड', बीटल्स, १९६९. हा आमच्याकडे दादाने नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून आणला होता. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, आणि हा अल्बम सत्तेचाळीस मिनिटांचा. त्यामुळे शेवटच्या 'दि एंड'मध्ये रिंगो स्टार ड्रम वाजवायला घ्यायचा आणि खट्, टेप संपायची. कितीतरी वर्षं माझ्या लेखी बीटल्स असेच मध्यात संपत होते. पुढे नोकरी लागल्यावर सीडी घेतली, तेव्हा कळलं की ड्रमनंतर मॅकार्टनी, हॅरिसन आणि लेनन आळीपाळीने गिटार वाजवतात, जुगलबंदीसारखे, आणि मग सगळं शांत होतं. त्यानंतरही तेवीस सेकंदांचं एक पिल्लू आहे. मी त्या रात्री शेवटची तीन मिनिटं सहा-सात वेळा ऐकली.

या अल्बमची पहिली बाजू मला खडबडीत वाटते. 'मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर' हे खुनाचं गमतीगाणं मॅकार्टनीच्या हट्टाचं फळ आहे, ते पुढे ढकललंत तरी मी रागावणार नाही. (हो, क्रम मोडायचा नाही म्हटलं होतं. पहिल्या तीन ऐकण्यांत मोडायचा नाही.) पहिल्या बाजूच्या शेवटी पावणेआठ मिनिटांचं 'आय वॉन्ट यू' आहे: एकच घोष वाढत जातो, मागे वाऱ्याचा सूं सूं आवाज चढत जातो, आणि एका क्षणी सगळं कापलं जातं. भाचीचा नेमका तेव्हा मेसेज आला: "मावशी नेट गेलं." नेट गेलेलं नव्हतं. लेननने टेप तिथेच कापायला लावली होती. दुसऱ्या बाजूला 'हिअर कम्स द सन' येतं. हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकला होता, आणि या गाण्यात मधे जो तुकडा पुन्हा पुन्हा येऊन समेवर पडतो तिथे मला दर वेळी तिहाईचा भास होतो. पुढे तुकड्या-तुकड्यांची जवळपास सोळा मिनिटांची माळ. सुटी पाहिली तर त्यातली निम्मी गाणी किरकोळ आहेत, ओवलेली मात्र अप्रतिम.

तिसरा 'द डार्क साइड ऑफ द मून', पिंक फ्लॉइड, १९७३. याच्याबद्दल नवं सांगण्यासारखं कमी आहे. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या अल्बमांच्या यादीत हा १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होता. मी एवढंच सांगेन, की लोक याला धीरगंभीर समजून ऐकतात आणि त्यात एक ठिकाण असं आहे जिथे गांभीर्य वगैरे सगळं गळून पडतं. पहिल्या बाजूच्या शेवटी क्लेअर टॉरी ही बाई गाते. शब्द नाहीत, नुसता आकार. तिला स्टुडिओत बोलावून, शब्द नाहीत, काहीतरी गा, असं सांगितलं गेलं आणि तीस पौंड हातावर ठेवले. रचनेत आपलाही वाटा आहे म्हणून तिने पुढे दावा लावला आणि २००५ मध्ये तडजोड होऊन तिचं नाव लागलं. आलापी ऐकून वाढलेल्या माणसाला हे चार-पाच मिनिटांचं गाणं कुणी समजावून द्यावं लागत नाही. तिथे आपण त्यांच्या पुढे आहोत.

चौथा 'रूमर्स', फ्लीटवुड मॅक, १९७७. माझा सगळ्यात लाडका, आणि सगळ्यात कमी आव आणणारा. पाच जणांचा बँड. त्यातल्या एका जोडप्याचा घटस्फोट झालेला, दुसऱ्या जोडप्याचं फाटलेलं, पाचव्याचा संसारही मोडायला आलेला. आणि हे सगळे एकाच स्टुडिओत बसून एकमेकांवर गाणी लिहितायत, ज्याच्यावर लिहिलं त्यालाच त्यावर वाजवायला लावतायत. चाळीत अबोला धरलेली दोन बिऱ्हाडं एकाच नळावर पाणी भरतात, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा अल्बम पहिल्याच वेळी कळतो. दुसऱ्या बाजूची सुरुवात 'द चेन'ने. वेगवेगळ्या गाण्यांचे तुकडे जोडून बनवलेलं, आणि पाचही जणांची नावं असलेलं अल्बममधलं हे एकमेव गाणं. शेवटाकडे सगळं थांबतं आणि एकटा बास बोलतो. माझं बासचं प्रेम तिथून सुरू झालं. दोष काढायचाच तर 'ओ डॅडी' रेंगाळतं.

पाचवा 'अ नाइट ॲट दि ऑपेरा', क्वीन, १९७५. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, झांझिबारचा पारशी मुलगा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत होता. त्यामुळे त्याच्यावर आपला थोडा हक्क आहे असं मी धरून चालते. पण लोक हा अल्बम एका 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'साठी लावतात आणि बावचळतात, कारण आधी येतात समुद्रकिनाऱ्यावरची नाटकी गंमत, गाडीवरचं प्रेमगीत, अंतराळप्रवाशाचं लोकगीत. हे मिसळीचं ताट आहे. एकाच चवीची अपेक्षा ठेवून बसाल तर चिडाल. मला यातलं 'लव्ह ऑफ माय लाइफ' आणि ब्रायन मेचं 'थर्टी-नाइन' जास्त जवळचं. मोठं गाणं आता लग्नाच्या हॉलमध्येही वाजतं, त्याला विश्रांती द्यायला हवी.

जे लोक आधी हातात देतात, ते नंतर

पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' पहिल्या महिन्यात ऐकू नका. दोन तबकड्या, ऐंशी मिनिटं, आणि एका माणसाचं स्वतःबद्दलचं गाऱ्हाणं. त्यातली निम्मी मिनिटं थोर आहेत. उरलेली त्या निम्म्यांकडे नेणाऱ्या जिन्यासारखी.

बीटल्सचा 'सार्जंट पेपर' (१९६७) हा जगातला सर्वश्रेष्ठ अल्बम असं वर्षानुवर्षं छापून येत होतं, त्यामुळे नवखे तिथूनच सुरू करतात. मला तो त्याच्या कीर्तीपेक्षा लहान वाटतो. शेवटचं 'अ डे इन द लाइफ' सोडलं तर बरीच गाणी वेशभूषेवर उभी आहेत. गंमत अशी, की पाश्चात्त्य ऐकणारे ज्या 'विदिन यू विदाउट यू'ला कंटाळून पुढे जातात, तिथे सतार-दिलरुबा-तबला ऐकून आपण खुर्चीत सरसावून बसतो. मला मात्र त्याहून हॅरिसनचं 'दि इनर लाइट' आवडतं. त्याची वाद्यं जानेवारी १९६८ मध्ये इथे मुंबईत, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत मुद्रित झाली. बासरी हरिप्रसाद चौरसियांची. फोर्टात माझी वीस वर्षं नोकरी झाली, आणि हे गाणं तिथे मुद्रित झालं हे मला नोकरीच्या बाराव्या वर्षी कळलं. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे पेज आणि प्लँटही मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी वाजवून पाहिली. ती रेकॉर्डिंगं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. ऐका, पण ताजमहालाचं चित्र असलेल्या चहाच्या डब्याकडे बघतो तसं: कौतुकाने आणि थोडं हसून.

ईगल्सचा 'हॉटेल कॅलिफोर्निया' (१९७६) हा तर आपल्याकडच्या प्रत्येक हॉस्टेलचा कुलदेव. शीर्षकगीताच्या शेवटची दोन गिटारांची गुंफण खरोखर मोठी आहे. मधली गाणी मला वऱ्हाडातल्या लांबच्या नातेवाइकांसारखी वाटतात. आलेत, बसलेत, जेवून जातील. शेवटच्या 'द लास्ट रिझॉर्ट'साठी मात्र थांबा.

निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' (१९९१) ऐकताना एक सावधगिरी. मूळ सीडीच्या बहुतेक प्रतींत शेवटच्या गाण्यानंतर दहाएक मिनिटांची शांतता आहे, आणि मग एक लपवलेलं, अत्यंत कर्कश गाणं. मी संपलं समजून पाणी भरायला गेले होते. सासरे देवघरात होते. पुढचं सांगत नाही.

यू-टूच्या 'द जॉशुआ ट्री'ची (१९८७) पहिली चार गाणी अशी आहेत की उरलेली सात बिचारी वाटतात. १५ डिसेंबर २०१९ ला ते नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हा अख्खा अल्बम क्रमाने वाजवून गेले. तिथेही मागच्या अर्ध्यात लोक खायच्या रांगेत होते, असं तिथे असलेल्या मैत्रिणीचं म्हणणं. क्रमाचं भान कंपनीला असो नसो, पोटाला असतं.

आणि आत्ताच्या मुलींसाठी टेलर स्विफ्ट. '१९८९' (२०१४) हा घट्ट विणलेला पॉप अल्बम आहे, नाकं मुरडणाऱ्या काकालोकांनी एकदा बासकडे लक्ष देऊन ऐकावा. 'फोकलोर' (२०२०) पावसाळ्यात. पण २०२४ मध्ये बाईंनी एका रात्रीत एकतीस गाणी बाहेर काढली, दोन तासांहून जास्त. कुणीतरी वेळीच कात्री हातात द्यायला हवी होती. भाची माझ्याशी यावरून दोन दिवस बोलली नाही.

मत बनवा, पण तारीख घालून

एक वही करा. अल्बम, तारीख, कितवं ऐकणं. पाचपैकी किती तारे वगैरे देऊ नका. गुण देण्यात मेंदू गुंतला की कान सुटतो. त्याऐवजी एकच वाक्य लिहा आणि त्यात जागा लिहा. 'बोअर आहे' हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. 'चौथ्या गाण्यात ड्रम आल्यावर गायक मागे पडतो' हे वाक्य चुकीचं असलं तरी पुढच्या वेळी तपासता येतं. तीन ऐकण्यांआधी आवडलं नाही असं जाहीर करायचं नाही, आणि तीन ऐकण्यांनंतरही आवडलं नाही तर मोठ्या माणसांच्या भीतीने आवडलं म्हणायचं नाही. यादी करणाऱ्या लोकांनी तुमच्या कानाचं भाडं भरलेलं नसतं.

तारीख का, ते माझ्या वहीतून सांगते. बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'खाली (१९६६) मी लिहिलं होतं: 'नाताळच्या दुकानातलं संगीत. घंटा फार.' छत्तीस मिनिटांच्या त्या अल्बमकडे मी दहा वर्षं वळले नाही. मग एकदा रात्री अकराच्या गाडीत, रिकाम्या डब्यात, तो आपोआप लागला. शेवटचं गाणं संपल्यावर एक आगगाडी धडधडत जाते आणि कुत्री भुंकतात. मला वाटलं बाहेरची. बाहेर बघितलं, तर गाडी सायनला उभी होती. त्या रात्रीनंतरची नोंद पानभर आहे आणि आधीचं वाक्य मी खोडलेलं नाही.

उलटंही आहे. रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' (१९९७) मला मनापासून आवडतो, मधलं यंत्राच्या आवाजातलं भाषण धरून. त्यांचाच 'किड ए' (२०००) मी अकरा वेळा ऐकला आहे. अकरा नोंदी आहेत. अजून दार उघडलेलं नाही. त्याच्या चाहत्यांशी मी वाद घालत नाही, ते खरंच तिथे काहीतरी ऐकत असणार. मी आपली बाहेर चपला काढून बसले आहे.

तबकड्यांचा नाद लागलाच तर

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. विकत घेण्याआधी ऐकून बघता येत असे, ते आता आठवणीपुरतं. जुन्या तबकड्यांसाठी चोरबाजारातली मटण स्ट्रीट बघा, शुक्रवार सोडून. दुकानदार पहिली किंमत सांगेल ती तुमच्या चेहऱ्याची असेल, तबकडीची नाही. तबकडी प्रकाशात तिरकी धरा. नुसत्या केसासारख्या रेघा चालतात, नखाला लागणारी रेघ सुईलाही लागणार. डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाकलेली आहे का पाहा. आत तीच तबकडी आहे का तेही बघा, कव्हर 'रूमर्स'चं आणि आत आरत्या असं माझं झालेलं आहे. लेबलवर डमडम दिसलं तर ती आपल्याकडच्या कारखान्यात दाबलेली. विलायती प्रतीपेक्षा कमी मानाची समजतात, पण धड असेल तर खुशाल घ्या.

मुंबईत खरा शत्रू पावसाळा. कव्हरांना बुरशी धरते आणि तिथून ती खाचांत जाते. तबकड्या उभ्या ठेवा, भिंतीला लागलेलं कपाट नको, सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुरशी आलीच तर डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि खाचांच्या दिशेने गोल पुसणं. मधल्या लेबलला पाणी लावू नका.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर किंवा नेरूळला, जायचं असेल तर कानात घालायला फोमचे बोळे न्या आणि परतीची लोकल आधी बघून ठेवा. एवढंच. त्यावर जास्त सांगावं इतक्या वेळा मी गेलेली नाही.

आता भाचीची पाळी आहे. तिने मला बिली आयलिशचा पहिला अल्बम दिला आहे, २०१९ चा. भावाबरोबर, त्याच्या बेडरूममध्ये बनवलेला, बेचाळीस मिनिटांचा, म्हणजे मुलुंड ते भायखळा. सोमवारी घाईत गाडीतच लावला. बाई कुजबुजते, आणि बास होता म्हणतात, तो कांजूरमार्गला बुडाला तो वर आलाच नाही. वहीत फक्त तारीख घातली आहे.